बेडकाच्या अंड्यातलं झाड

खरं तेच सांगते. माझ्या लहान जावेचं मला बघवत नव्हतं. तिच्या साड्यांचं नाही, गोऱ्या रंगाचं नाही, दीर तिला गाडीवर बसवून बसस्टँडवर सोडायला जायचा त्याचंही नाही. साड्यांची दोन कपाटं माझ्याकडेही आहेत आणि नवराही काही वाईट नाही. माझ्या पोटात दुखायचं ते एका फोटोवरून. काळा-पांढरा, तळहाताएवढा, आणि तोही बेडकाच्या अंड्याच्या आतला. आता यावर कोणी जळतं का? मी जळले. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत जळले, आणि त्या भरात एक काम असं केलं की आजही आठवलं की हातातलं भांडं ठेवून उभी राहते.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. वडील मास्तर. बी.एस्सी. झाल्यावर मी पॅसेंजरने नागपूरला अप-डाऊन करून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं. अभ्यासात मी बरी होते, पण हात माझे फार चांगले होते. झुरळाच्या लाळग्रंथी म्हणजे भिजलेल्या धाग्यासारख्या, हात लावला की तुटणाऱ्या. त्या अख्ख्या काढणारी वर्गात मी एकटी. सर म्हणायचे, ही पोरगी झुरळाला कळू न देता त्याचं पोट उघडते. हे वाक्य मी लग्नानंतर घरात इतक्या वेळा सांगितलं की माझा नवरा मध्येच ते पूर्ण करतो.

त्याच वर्षी लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात मला तो फोटो दिसला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला, पाणसरड्यासारख्या एका प्राण्याच्या अंडपेशीतला. एक बारीक आडवी दोरी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना केस फुटलेले. एका टोकाला अगदी आखूड, मग लांब, आणखी लांब, आणि मग एकदम काहीच नाही. मोकळी दोरी. थोडं पुढे परत तसंच. खाली लिहिलं होतं की ही दोरी म्हणजे जनुक, आणि प्रत्येक केस म्हणजे त्याची उतरत असलेली नक्कल. नुकती सुरू झालेली आखूड, पूर्ण होत आलेली लांब. पुस्तकात त्याला नाताळचं झाड म्हटलं होतं. मी नाताळचं झाड आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला ती कापूस वेचून झालेली पऱ्हाटी वाटली.

तोवर मी ‘जनुकाची नक्कल होते’ हे वाक्य पाठ केलं होतं. ते खरोखर होताना कोणी पाहिलं असेल असं डोक्यातच आलं नव्हतं. एका वहीवरून एका बाकावरच्या साऱ्या पोरी उतरवून घेतायत, पहिलीचं पान भरत आलंय आणि शेवटचीने आत्ता कुठे तारीख टाकलीय, असं ते दृश्य होतं. मी लायब्ररीत बसून पेन्सिलीने ते जसंच्या तसं वहीत काढलं. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, रिसर्चला ये, तुझ्यासारखे हात हवेत.

त्याच महिन्यात सौंसरचं स्थळ आलं. संत्र्याची बाग, घरचे चांगले, सून शाळेत शिकवेल तर आनंदच. वडिलांनी विचारलं, काय म्हणतेस? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. संपलं. मी सौंसरला आले, एका शाळेत, हिंदी राज्यातली म्हणून, अकरावी-बारावीला हिंदीतून जीवशास्त्र शिकवू लागले, आणि दरवर्षी फळ्यावर ती पऱ्हाटी काढू लागले. मुलं विचारायची, मॅडम, यह सचमुच दिखता है क्या? मी म्हणायची, दिखता है, देखनेवाले चाहिए.

हातांना मात्र काम मिळालं. आमची बाग मोहगावच्या रस्त्याला आहे. तिथे जंभेरीची, म्हणजे जंगली लिंबाची, रोपं करून थंडीत त्यांच्यावर संत्र्याचे डोळे चढवतात. डोळा म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा कोंब, सालीसकट काढलेला. रोपाच्या सालीला चीर द्यायची, डोळा आत सरकवायचा, पट्टीने बांधायचं. सासूबाई यात पक्क्या. मी त्यांच्याकडूनच शिकले आणि तिसऱ्या वर्षी त्यांनीच सुरी माझ्या हातात देऊन टाकली. ‘मोठीने बांधलेला डोळा मरत नाही’ असं त्या गावभर सांगतात. मोठी म्हणजे मी.

आणि लहानी म्हणजे ती. दीर बोरगावला कारखान्यात आहे. तो लग्न करून तिला घेऊन आला तेव्हा मला एवढंच माहीत होतं की नागपूरची आहे आणि पीएच.डी. करते. बरं, करू दे. कोण काय करत नाही आजकाल. सोमवार ते शुक्रवार ती नागपूरला आईकडे राहणार आणि शनिवारी बसने घरी येणार, हे आधीच ठरलं होतं. सासूबाईंनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. “शिकून राहिली तं शिकू दे ना वो तिले,” म्हणाल्या.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी भाजी चिरता चिरता म्हटलं, “आई, मला नाही पाठवलं तुम्ही असं.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “तू मांगितलं कधी?”

मी पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आले होते की मला पुढे शिकू दिलं नाही. माहेरी सांगितलं, शाळेत सांगितलं, नवऱ्याला तर भांडणाच्या प्रत्येक वेळी सांगितलं. कोणाकडे काही मागितलं होतं का, हे मलाच आठवेना. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

दिवाळीत एकदा मी भांडी घासत होते आणि ती पुसून ठेवत होती. मी साबण उचलला तर हसून म्हणाली, “ताई, आमच्या प्रयोगातपण हेच लागते.”

“काय लागते?”

“भांड्याचा साबण. आम्ही बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक काढतो ना, ते अगदी शुद्ध पाण्यात सोडायचं आणि त्यात साबणाचा जरासा अंश. मग आतली दाबून भरलेली सूतं सुटी होतात. ती जाळीवर बसवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहायची. जनुकं काम करताना दिसतात, ताई. झाडासारखी. दुसऱ्यांनी काढलेला फोटो आहे, मोबाईलवर दाखवते तुम्हाला.”

ती ओले हात पदराला पुसून मोबाईल काढत होती. मला दाखवायची काही गरज नव्हती. तसाच फोटो. तेच पुस्तकातलं झाड, आणि माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच घरची सून ते मला समजावून सांगत होती, की बघा ताई, इकडून आखूड, तिकडे लांब. मी म्हटलं, हो का, छान. आणि तीच कढई परत घासायला घेतली. ती चांगली लख्ख होती.

साऱ्या जगात विषय मेले होते का? गांडूळ होतं, डास होते, माशा होत्या. हिला नेमकं माझंच झाड सापडावं?

पण तिचं काम अडलं होतं, हे मला महिनाभराने कळलं. कार्तिक संपत आला तेव्हा एका शनिवारी ती आली ती तोंड उतरवून. जेवताना दोनदा ठसका लागला. रात्रीची वाट न बघता तिने दुपारीच माझ्यापाशी येऊन सांगून टाकलं. यंत्र एवढं मोठं, पण पहिलं काम दोन चिमट्यांनी हाताने करावं लागतं. अंडं मोहरीएवढं. त्याच्या काळ्या अर्ध्या भागात केंद्रक असतं, ते अख्खं बाहेर काढायचं. कागदावर लिहिलंय, भोक पाडून हलकेच दाबा. ती दाबायची आणि सगळंच फुटायचं. तिच्या सरांनी स्वतः हे हाताने कधी केलेलं नव्हतं. आणि आता त्यांनी सांगितलं होतं, संक्रांतीपर्यंत एक धड फोटो दाखव, नाहीतर हा विषय दुसऱ्याला आणि तू माशांच्या खवल्यांवर काम कर.

“विषय गेला तर मी पुढे नाही करणार, ताई,” ती म्हणाली. “सोडून देईन. दोन वर्षं याच्यामागे घालवलीत मी.”

ऐकून मला आधी काय वाटलं ते लिहिते, मग पुढचं. मला वाटलं, बरं झालं.

“तुमचे हात इतके चांगले आहेत,” ती म्हणाली. “दादा नेहमी सांगतात ना, झुरळाला कळू न देता. एकदा करून पाहाल?”

पुढच्या शनिवारी ती थर्मासमध्ये अंडी घेऊन आली. बेडकीण प्रयोगशाळेत पाळलेली, परदेशी जातीची. तिला गुंगी देऊन थोडी अंडी काढतात आणि टाके घालून परत पाण्यात सोडतात. महिना मार्गशीर्ष. घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही, आणि ही सासूबाईंना सरळ सांगून मोकळी झाली.

“अव माय! मार्गशीर्षात अंडे? आन तेबी बेडकाचे?”

“आई, खायचे नाहीत. पाहायचे आहेत.”

“मंग पाहा. पण माह्या फ्रिजात नोको.” मग थोडा विचार करून, “टाके घातले म्हणते? म्हणजे तिचं सिझर केलं का?”

“तसंच समजा.”

“बिचारी,” म्हणाल्या, आणि त्या बेडकिणीसाठी का होईना विषय मिटला. थर्मास गच्चीवरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवला. तिथे फ्रिजपेक्षा कमी थंडी नव्हती.

शाळेतला चिरफाडीचा सूक्ष्मदर्शक मी प्राचार्यांना सांगून आणला होता. रविवारी सकाळी ऊन आलं तशी मी त्या खोलीत बसले. ती बाजूला, श्वास धरून. घड्याळजीचे असतात तसले बारीक चिमटे तिने माझ्या हातात दिले. पंधरा वर्षांनी असं काहीतरी मी हातात धरत होते. पहिलं अंडं मी फोडलं. दुसरंही. तिसऱ्याला हातांना आठवलं.

काय आठवलं ते सांगते, कारण साऱ्याचं मूळ तेच आहे. भोक आपल्याला वाटतं त्याहून मोठं पाडायचं, घाई न करता, कडा बाजूला सारत. मग दुसरा चिमटा खालून नुसता टेकवायचा. दाबायचं नाही, ओढायचं तर मुळीच नाही. थांबायचं. ते आपणच वर येतं. आणि आलं. पिवळसर गाळातून एक गोळा तरंगत बाहेर आला, शिजलेल्या साबुदाण्याच्या कणासारखा, आरपार दिसणारा. त्या एवढ्याशा गोळ्यात माझी सारी झाडं होती. रडले नाही, पण मान वर केली नाही.

“निघाला!” लहानी ओरडलीच. तिने मोबाईल काढला आणि सरांना लावला. “सर, निघाला! अख्खा! हो सर, आत्ताच. घरी. हो, मायक्रोस्कोप होता इथे... हो सर, थँक यू सर!”

मी वाट पाहत होते. आता सांगेल, आता सांगेल. ‘माझ्या जाऊबाईंनी काढला’ एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. आनंदात राहून गेलं असेल. आज मला तसंच वाटतं. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा भडका उडाला. हात माझे, आणि ‘शाब्बास’ हिला? उद्या फोटो निघेल, पीएच.डी. होईल, सासूबाई पेढे वाटतील आणि मी चहाचे कप उचलीन.

तिने फोन ठेवला आणि माझ्याजवळ सरकली. “ताई, तुमचा हात आड आला, मला दिसलंच नाही. कसं केलं? परत सांगा ना.”

मी म्हटलं, “सोपं आहे. भोक लहानच ठेव. चिमटा आत घाल, धर आणि एका झटक्यात ओढ. तुझा हात भितो, म्हणून फुटते.”

हे मी इतक्या सहज बोलले की मलाच नवल वाटलं. काढलेला गोळा नागपूरपर्यंत टिकणार नव्हता, तिला स्वतःलाच जमायला हवं होतं. ती मान डोलावून तसंच करायला बसली. नऊ अंडी तिने त्या दिवशी फाडली. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायची, होईल, सवय लागेल. ओठात एक आणि पोटात एक म्हणतात ते मी तोवर फक्त लोकांबद्दल म्हणत आले होते.

त्यानंतर ती दर शनिवारी यायची आणि सांगायची, नाही जमत आहे. ओढलं की केंद्रक फाटतं. मी म्हणायची, हात अजून भिऊन राहिला तुझा. एकदा माझ्या भाचीच्या लग्नाची खरेदी करायला मी नागपूरला जाणार होते तर ती म्हणाली, ताई, त्याच दिवशी मला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची पाळी मिळाली आहे, तुम्ही याच. नाही म्हणायला तोंड होतं, पण पाय गेले.

छोटी थंडगार खोली, दिवे मालवलेले. एका बाजूला छताला भिडेल असं यंत्र आणि समोर कॉम्प्युटरचा पडदा. यंत्र चालवणारा एक माणूस आणि आम्ही दोघी. तिने फाटक्या केंद्रकांतून जे काय हाती लागलं ते जाळीवर बसवून आणलं होतं. पडद्यावर जाळीचं एकेक घर सरकत होतं. करडं, डागाळलेलं, गोळे आणि तुटकी सूतं. “इथे काही नाही,” ती म्हणायची. “पुढे घ्या. इथेपण नाही.” तिचा आवाज प्रत्येक घराला बारीक होत चालला होता. आणि मी मागे खुर्चीवर बसून सुखात होते. हो, सुखात. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

मग एका घरात कोपऱ्यात मला काहीतरी दिसलं. “थांबा,” मी म्हटलं, “उजवीकडे, वर.” त्या माणसाने मोठं करून दाखवलं. दोरीचा एवढासा तुकडा आणि त्याला चार-पाच केस. आखूड, जरा लांब, त्याहून लांब. पुढे सगळं फाटलेलं. वाऱ्याने मोडलेल्या पऱ्हाटीचं नुसतं शेंड्याकडचं टोक. पण खरं. पुस्तकातलं नाही, फळ्यावरचं नाही. ज्या अंड्यातून ते आलं त्यात त्या क्षणी खरंच नक्कल उतरत होती, आणि ती जिथे तुटली तिथे माझ्या बोलण्याने तुटली होती.

“ताई, तुम्हाला किती पटकन दिसलं!” ती म्हणाली. बाहेर आल्यावर तिने मला तर्री-पोहे खाऊ घातले आणि खाता खाता म्हणाली, “तुम्हीच यायला पाहिजे होतं या लाईनमध्ये.” मनापासून म्हणाली. कीव करून राहिली माझी, मला वाटलं. खरं सांगायची वेळ हीच होती. पोहे तिखट आहेत म्हणून मी पाणी मागितलं आणि बसमध्ये खिडकीची जागा धरून सौंसरपर्यंत डोळे मिटून बसले.

पौष लागला. बागेत डोळे चढवायचं काम सुरू होतं. त्या रविवारी सासूबाई, मी आणि एक नवी बाई अशा तिघी वाफ्यावर बसलो होतो. ती बाई रामाकोन्याहून कामाला आलेली, कष्टाळू, पण हाताला भारी उतावीळ. काडीवरून डोळा काढायची तो खसकन ओढून. साल हातात यायची आणि डोळ्याचा गाभा काडीलाच चिकटून राहायचा. असा डोळा बांधला तरी आठ दिवसांत काळा पडतो. तिने सातवा-आठवा नासवला तशी माझी सटकलीच.

“अगं बाप्पा, ओढून काय राहिली? ओढला की त्याचा जीव मागे राहते! आधी साल मोकळी कर चारी बाजूंनी. मोठी कर चीर, भिऊ नको. मग खालून नुसता अंगठा लाव आन थांब. दाबू नको, ओढू नको. तो आपणच सरकून येते!”

असं ओरडून मी तिला करून दाखवलं. डोळा अलगद सुटून माझ्या अंगठ्यावर बसला. आणि मी मान वर केली तर समोर लहानी उभी. हातात आमच्या जेवणाचा डबा.

ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. डबा सावलीत ठेवला, म्हणाली, “आई, ताई, जेवून घ्या. गरम आहे.” आणि गेली. दर खेपेला सोमवारी पहाटे जाणारी ती, त्या दिवशी दुपारच्याच बसने नागपूरला निघून गेली.

चोराच्या मनात चांदणं. मी स्वतःला समजावलं, तिला काय कळणार, संत्र्याचं कुठे आणि बेडकाचं कुठे. पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सासूबाई विचारायच्या, “लहानी काहून येऊन नाही राहिली वो? भांडण गिंडण तं नाही झालं?” दीर म्हणाला, काम आहे तिला. मी मोबाईलवर तीनदा लिहिलं, ‘अगं, मी तुला त्या दिवशी’, आणि तीनदा पुसलं. संक्रांत दहा दिवसांवर आली. रात्री कूस बदलताना मला वाटायचं, देवा, जमू दे तिला. आणि तेवढ्यात आतून वाटायचं, नाही जमलं तर? तर ती घरी बसेल. माझ्यासारखी शाळेत लागेल. फळ्यावर झाड काढेल. त्या विचाराने मला बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस यायची.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी ती आली. आमच्याकडे हळदीकुंकू होतं. ओसरीवर गल्लीतल्या बाया भरलेल्या, मी तबक घेऊन उभी. ती आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडली आणि पिशवीतून एक मोठं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आतला कागद काढला, उलटा धरला, सुलटा धरला.

“हे का होय वो? पऱ्हाटी दिसून राहिली.”

मला चटका बसल्यासारखं झालं. पंधरा वर्षं मी ज्या नावाने ते झाड मनात ठेवलं होतं, ते या बाईने, जिला अक्षरओळख नाही, एका नजरेत म्हटलं.

कागद हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला. तबक खाली ठेवून मी तो घेतला. तीन झाडं. पूर्ण. एकही केस तुटलेला नाही. दोरी या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग, झाड, मग मोकळी दोरी, मग झाड, मग मोकळी दोरी, मग झाड. आखूड केस असे की दिसतात न दिसतात, आणि लांबात लांब केसांच्या टोकाला बारीक गाठी. पुस्तकातला फोटोही इतका स्वच्छ नव्हता. कोपऱ्यात तिचं नाव छापलेलं होतं.

“सरांनी काय म्हटलं?” मी विचारलं. आवाज कुठून आला कोण जाणे.

“विषय माझाच राहिला, ताई.”

शेजारच्या काकू म्हणाल्या, “बाई बाई, एवढ्या बारीक अंड्यातून हे हाताने काढलंस? कोणी शिकवलं?”

मी कागदावरची नजर हलवली नाही. मनात म्हटलं, आता ही बोलणार. साऱ्या गल्लीसमोर बोलणार, आणि बोलायचा तिला हक्कच आहे.

“ताईंनी,” लहानी म्हणाली. “हाताने कसं काढायचं ते मला ताईंनी शिकवलं. सरांनापण तसंच सांगितलं मी.”

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. काय कौतुक झालं माझं! सासूबाईंना तर राहवेना. “माह्या मोठीचा हातच तसा हाय. तिने बांधलेला डोळा मरत नाही,” असं त्यांनी तीन जणींना सांगितलं. मी हसत होते. हसू तोंडावर चिकटवून मी चहाच्या निमित्ताने आत पळाले.

ती मागोमाग आली. दूध उतू चाललं होतं, तिने गॅस बारीक केला. मी म्हटलं, “लहाने, मी तुला त्या दिवशी...”

तिने ताटलीतला तिळगुळाचा लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला आणि मला वाक्य पुरं करू दिलं नाही. वाकून नमस्कार केला. उभी राहिली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं की राग, मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असावं.

“ताई, मला डोळे चढवायला शिकवा,” म्हणाली. “बागेतले. पुढच्या रविवारी.” आणि कपांचा ट्रे उचलून दारापर्यंत गेल्यावर मागे वळली. “पण या खेपेला खरं शिकवा.”

मी लाडू हातात धरून उभी राहिले. मला शरम वाटायला पाहिजे होती, आणि वाटली, पण ती नंतर. आधी वाटला तो हेवाच. शिक्षणात पुढे होती, फोटोत पुढे गेली, आणि आता चांगुलपणातही हीच पुढे. माझ्यासाठी काही ठेवणार आहे का ही?

पुढच्या रविवारी मी तिला वाफ्यावर नेलं आणि शिकवलं. खरं शिकवलं. चीर मोठी कर, अंगठा खालून लाव, थांब. तिने बारा डोळे बांधले. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तर अकरा काळे पडले होते आणि एक हिरवा होता. तो हिरवा बघून ती लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत नाचली. मलाही आनंद झाला. खोटं कशाला बोलू, त्या अकरांचाही झाला.